समासातले नगर : तोम्स्क आणि 'सैबेरियाचे अथेन्स'

१

एका नगराला दुसऱ्या नगराचे नाव उपाधी म्हणून दिले जाते तेव्हा त्यात गौरव असतो, तशीच थोडी उसनवारीही असते. पश्चिम सैबेरियात तोम नदीच्या उजव्या तीरावर वसलेल्या तोम्स्क या नगराला 'सैबेरियाचे अथेन्स' म्हणण्याची प्रथा शंभर वर्षांहून जुनी आहे. ही उपाधी निराधार आहे असे म्हणता येणार नाही. रशियन साम्राज्याच्या आशियाई भागातील पहिले विद्यापीठ येथे उभे राहिले. अभियांत्रिकीचे उच्च शिक्षण देणारी त्या प्रदेशातील पहिली संस्थाही येथेच निघाली. सैबेरियातील पहिले म्हणून ओळखले जाणारे पुस्तकांचे दुकान १८७३ मध्ये प्योत्र मकुशिन यांनी येथेच उघडले. साडेपाच लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या या नगरात आज सहा विद्यापीठे आहेत.

तथापि 'अथेन्स' या शब्दात उगमाची कल्पना अनुस्यूत आहे. जेथे विचार जन्मतो आणि जेथून तो इतरत्र पसरतो, असे ते स्थान. तोम्स्कचा वाङ्मयीन इतिहास तपासू गेल्यास मात्र निराळे चित्र समोर येते. येथील मौल्यवान ग्रंथ दुसरीकडून पेट्यांत भरून आले आणि येथील नामवंत ग्रंथकार दुसरीकडून पहाऱ्यात आले. ज्या नगराची कीर्ती ज्ञानासाठी आहे, त्याच्याकडे ज्ञान आणि शिक्षा ही दोन्ही एकाच रस्त्याने आली. या वस्तुस्थितीचा अर्थ लावताना 'अथेन्स' ही उपमा फारशी उपयोगी पडत नाही. किंबहुना ती अडचणच करते.

केंद्र आणि परीघ ही जोडी समीक्षेत इतकी वापरली गेली आहे की तिची धार आता बोथट झाली आहे. परीघ म्हटल्याने अंतर मोजता येते, पण त्या अंतरावर काय लिहिले गेले हे त्यातून कळत नाही. त्यापेक्षा छापील पानाच्या कडेला सोडलेल्या कोऱ्या जागेची, म्हणजे समासाची, कल्पना तोम्स्कला अधिक लागू पडते. समासात मूळ संहिता नसते; तेथे वाचकाचे हस्ताक्षर असते. ते संहितेवर अवलंबून असते, पण संहितेच्या आज्ञेत असतेच असे नाही. शिवाय पुस्तकाची नवी आवृत्ती निघते तेव्हा समासातले लेखन गळून पडते, किंवा कधी कधी लेखकाचे नाव न घेता मुख्य मजकुरात सामावून घेतले जाते. तोम्स्कच्या संस्कृतीत जे महत्त्वाचे आहे ते या सर्व अर्थांनी समासातले आहे, अशी प्रस्तुत विवेचनाची भूमिका आहे.

२

तोम्स्कची स्थापना १६०४ मधील. एउश्ता तातारांचा प्रमुख तोयान याने झार बोरिस गोदुनोव याच्याकडे संरक्षणाची याचना केली आणि तिच्या आधारे लाकडी गढी बांधली गेली, असे इतिहासाची पुस्तके सांगतात. नगराचा आरंभ अशा रीतीने एका अर्जाने होतो. आणि तो अर्जही आज कळतो तो मॉस्कोच्या दप्तरातून, रशियन भाषेतून. पुढील दोन शतकांत सैबेरियाच्या हमरस्त्यावरील व्यापारी ठाणे म्हणून तोम्स्क वाढले, १८०४ मध्ये प्रांताची राजधानी झाले, आणि सोन्याच्या शोधानंतर तेथे पैसा आला. या काळाचे वर्णन येथे लांबवण्याचे कारण नाही. महत्त्वाचा आहे तो त्यानंतरचा, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील, विद्यापीठाच्या मागणीचा इतिहास.

ही मागणी ज्यांनी वैचारिक पातळीवर मांडली ते ग्रिगोरी पोतानिन (१८३५–१९२०) आणि निकोलाय याद्रिन्त्सेव (१८४२–१८९४) हे 'प्रांतवादी' म्हणून ओळखले जातात. याद्रिन्त्सेव यांच्या १८८२ सालच्या ग्रंथाचे नावच 'सैबेरिया : एक वसाहत' असे आहे. येर्माकच्या सैबेरियावरील स्वारीला तीनशे वर्षे पूर्ण होत असताना, जयंतीचे निमित्त साधून, हे पुस्तक यावे यातील उपरोध लपत नाही. सैबेरियातून केसाळ कातडी आणि सोने जाते, आणि बदल्यात गुन्हेगार येतात. सैबेरियाचा तरुण शिकण्यासाठी राजधानीत जातो आणि परत येत नाही. ही कोंडी फोडायची तर उच्च शिक्षण याच भूमीवर हवे, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. वसाहतीतील विद्यापीठांचा इतिहास ठाऊक असणाऱ्या वाचकाला येथे एक फरक जाणवेल. बहुतेक वसाहतींत विद्यापीठ राज्यकर्त्यांच्या गरजेतून उभे राहिले. येथे ते वसाहतीच्या लेखकांनी मागितले, स्थानिक धनिकांनी त्यासाठी पैसे दिले, आणि राज्यकर्ते मात्र कचरत राहिले.

प्रांतवाद्यांच्या वाट्याला आलेली शिक्षाही लक्षणीय आहे. १८६५ मध्ये सैबेरिया रशियापासून तोडण्याच्या कटाच्या आरोपावरून पोतानिन यांना तोम्स्क येथे अटक झाली. त्यांना फिनलंडमधील स्वेआबोर्गच्या किल्ल्यात सक्तमजुरीस धाडले गेले. याद्रिन्त्सेव यांची रवानगी आर्खांगेल्स्क प्रांतात झाली. सगळ्या रशियातून माणसे हद्दपार करून जेथे पाठवली जात, तेथून या दोघांना हद्दपार करण्यात आले. सैबेरियाचा विचार करणाऱ्यासाठी सैबेरियाबाहेर काढणे हीच शिक्षा आहे, हे शासनाने अभावितपणे मान्य केले होते.

झार दुसरा अलेक्झांडर याने विद्यापीठाच्या स्थापनेचा हुकूम १८७८ मध्ये काढला. नगराध्यक्ष आणि सोन्याच्या खाणींचे मालक झाखार त्सिबुल्स्की यांची देणगी त्याआधीच जाहीर झाली होती. बांधकामाची सूत्रे वासिली फ्लोरिन्स्की या वैद्यकाच्या प्राध्यापकाकडे होती. इमारत १८८५ पर्यंत उभी राहिली, पण विद्यापीठ उघडले ते १८८८ मध्ये. मधली तीन वर्षे दारे बंद होती, कारण राजकीय हद्दपारांनी भरलेल्या नगरात विद्यार्थी एकत्र आणणे शासनाला धोक्याचे वाटत होते. जॉर्ज केनन हा अमेरिकन पत्रकार १८८५ मध्येच तोम्स्कला आला. १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथामुळे सैबेरियातील हद्दपारीची व्यवस्था जगापुढे आली. तो आला तेव्हा तोम्स्कमध्ये दोन मोठ्या वास्तू होत्या : एक, कैद्यांनी दाटून गेलेला संक्रमण-तुरुंग, आणि दुसरी, तयार असूनही रिकामी असलेली विद्यापीठाची इमारत. 'अथेन्स'च्या उपाधीचे इतके बोलके भाष्य दुसरे सापडणार नाही.

अखेर विद्यापीठ उघडले ते केवळ एका विद्याशाखेसह, वैद्यकाच्या; आणि बहात्तर विद्यार्थ्यांसह, ज्यांत धर्मपाठशाळांतून आलेल्यांचा भरणा मोठा होता. दहा वर्षांनी, १८९८ मध्ये, विधी शाखा आली. इतिहास आणि भाषा-साहित्य यांची विद्याशाखा येण्यासाठी मात्र १९१७ साल उजाडावे लागले, म्हणजे झारशाही कोसळावी लागली. पुढे काही वर्षांतच ती पुन्हा बंद झाली आणि १९४० च्या सुमारास परत सुरू झाली. 'सैबेरियाच्या अथेन्स'मध्ये पहिली एकोणतीस वर्षे साहित्याचे अध्यापन होत नव्हते, ही गोष्ट गौरवलेखांत सहसा येत नाही. वैद्यकाला अग्रक्रम मिळण्यामागे डॉक्टरांची खरीखुरी टंचाई होती हे मान्य केले, तरी मानव्यविद्या नाकारण्यामागे टंचाई नव्हती, भीती होती. शरीरावर उपचार करणारा पदवीधर शासनाला हवा होता. संहिता वाचणारा नको होता.

साहित्याची ही नाकारलेली शाखा मग विद्यापीठाबाहेर भरली. मकुशिन यांनी १८८१ मध्ये सुरू केलेल्या 'सिबिर्स्काया गाझेता' या पत्राने हे काम केले. फेलिक्स वोल्खोव्स्की हे हद्दपार क्रांतिकारक त्यात टोपणनावाने लिहीत. नगरातील घटनांवर उघड टीका करणे शक्य नसल्याने तिरकस, रूपकात्मक, वरकरणी निरुपद्रवी दिसणारे लेखन त्या पानांत विकसित झाले. सेन्सॉरच्या नजरेखाली लिहिणाऱ्याची आणि ओळींमधले वाचणाऱ्याची अशी एक जोडशाळाच तेथे तयार झाली म्हणाना. ज्या वर्षी विद्यापीठ उघडले त्याच वर्षी, १८८८ मध्ये, या पत्राचे प्रकाशन शासनाने रोखले. वोल्खोव्स्की पुढे सैबेरियातून निसटून लंडनला पोहोचले. एका दाराने विद्येला प्रवेश देताना दुसरे दार बंद करण्याची ही तऱ्हा तोम्स्कच्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते.

पोतानिन यांचे उत्तरायुष्य याच नगरात गेले. ते १९०२ मध्ये येथे आले आणि १९२० मध्ये येथेच वारले. त्यांचे 'मध्ययुगीन युरोपीय महाकाव्यातील पौर्वात्य आशयसूत्रे' (१८९९) हे पुस्तक आज फारसे वाचले जात नाही. युरोपीय वीरकथांची मुळे मध्य आशियाच्या भटक्या जमातींच्या कथांत आहेत, असा त्यातील दावा आहे. साम्य दिसले की उगम सिद्ध झाला असे मानण्याची घाई त्यात आहे, आणि व्यावसायिक भाषाशास्त्रज्ञांनी तो दावा स्वीकारला नाही हे योग्यच झाले. परंतु चुकीच्या सिद्धान्तामागची प्रेरणा दुर्लक्षिण्याजोगी नाही. जो प्रदेश केवळ घेणारा समजला जातो तो एकेकाळी देणाराही असेल, हे पोतानिन यांना दाखवायचे होते. समासाने मुख्य मजकुराला सांगितलेला तो हक्क होता, आणि साहित्याची शाखा नसलेल्या नगरातील तो सर्वांत महत्त्वाकांक्षी तौलनिक अभ्यासक होता.

३

विद्यापीठ उघडल्यानंतर दोन वर्षांनी, मे १८९० मध्ये, साखालिन बेटाकडे निघालेला आंतोन चेखॉव्ह तोम्स्कला थांबला. त्याची पत्रे प्रसिद्ध आहेत. नगर अत्यंत कंटाळवाणे, माणसेही तशीच, आणि मद्यपींची संख्या मोठी, असा त्याचा अभिप्राय. भेटीला आलेल्या स्थानिक बुद्धिमंतांचाही त्याला कंटाळाच आला. थकलेला, चिखलातून आणि पुरातून मार्ग काढत आलेला, पुढच्या हजारो मैलांनी धास्तावलेला हा प्रवासी होता, हे लक्षात घेता त्या अभिप्रायाला साहित्यिक निवाड्याचे वजन देणे अनाठायी आहे. तरीही ते दिले गेले. थोर लेखकाच्या खाजगी पत्रातील दोन ओळी एखाद्या नगराच्या कपाळी कायमच्या चिकटतात, ही केंद्रातील संहितेची ताकद.

तोम्स्कने याचे उत्तर द्यायला एकशे चौदा वर्षे घेतली. २००४ मध्ये, नगराच्या चारशेव्या वर्षी, लियोन्ती उसोव या शिल्पकाराने केलेला चेखॉव्हचा काशाचा पुतळा नदीकाठी उभारला गेला. डोक्यावर हॅट, नाकावर चष्मा, अवाढव्य अनवाणी पावले आणि वाकडातिकडा देह. गटारात पडलेल्या, 'काश्तान्का' ही कथा न वाचलेल्या एका दारुड्याच्या नजरेतून दिसलेला हा चेखॉव्ह आहे, असे पुतळ्याचे शीर्षक सांगते. पुतळा वादग्रस्त ठरला. लेखकाचा अपमान झाल्याची तक्रार झाली. वास्तविक हा अपमान नव्हे, ही टीप आहे. चेखॉव्हने ज्या मद्यप्याकडे पाहून नगराचे मूल्यमापन केले, त्या मद्यप्याला येथे पाहणाऱ्याची जागा दिली आहे. दृष्टिकोन उलटवण्याची ही युक्ती कथनमीमांसेच्या विद्यार्थ्याला परिचित असेल. विशेष म्हणजे ज्याच्या कथांत किरकोळ, बावळट, दुर्लक्षित पात्रांच्या नजरेतून जग दिसते आणि ज्याची 'काश्तान्का' एका कुत्रीच्या नजरेने सांगितली आहे, त्याच लेखकाची रीत त्याच्यावर उलटवली आहे.

केंद्राने तोम्स्कला बगल दिली ती केवळ पत्रांतून नव्हे. सैबेरियाच्या महालोहमार्गाची आखणी झाली तेव्हा मुख्य मार्ग तोम्स्कच्या दक्षिणेकडून गेला आणि १८९६ मध्ये तैगा स्थानकापासून नगराकडे केवळ एक फाटा आला. ओब नदीवरच्या पुलापाशी १८९३ मध्ये वसलेली वस्ती पुढे नोवोसिबिर्स्क झाली आणि तोम्स्कला मागे टाकून गेली. येथील व्यापाऱ्यांनी लाच न दिल्यामुळे हे घडले, अशी आख्यायिका आहे. पुलाची जागा निवडण्यामागचे खरे कारण नदीच्या पात्राचे आणि खडकाचे होते. ती जागा सुचवणारा अभियंता गारिन-मिखायलोव्स्की हा स्वतः कादंबरीकार होता, हा योगायोग येथे नोंदवून पुढे जावे. आर्थिकदृष्ट्या नगर मागे पडले. पण त्यामुळेच तेथील कोरीव लाकडी घरे वाचली, पाडायला कोणाला घाई नव्हती. खिडक्यांच्या चौकटींवर आणि वळचणींवर लेससारखी जाळी कापलेली ही घरे, त्यांतील अग्निपक्ष्यांचे घर किंवा ड्रॅगनचे घर, आज पर्यटकांच्या पुस्तिकांत झळकतात. आगीने आणि दुर्लक्षाने त्यांची संख्या कमी होत गेली आहे, ही गोष्ट त्या पुस्तिकांत नसते.

४

समासाची कल्पना तोम्स्कच्या संदर्भात केवळ रूपक राहत नाही, याचे कारण विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. विद्यापीठ उघडण्यापूर्वीच तेथे ग्रंथ येऊ लागले होते. काउंट स्त्रोगानोव यांचा वीस हजारांहून अधिक खंडांचा संग्रह त्यांत होता. आणि त्याच सुमारास, १८७९ मध्ये, वासिली झुकोव्स्की (१७८३–१८५२) या स्वच्छंदतावादी कवीचा खाजगी ग्रंथसंग्रह अलेक्झांडर सिबिर्याकोव या धनिकाने विकत घेऊन भावी विद्यापीठाला दिला. झुकोव्स्की हा रशियन काव्यातील महान अनुवादक. होमरच्या 'ओडिसी'चा त्याचा अनुवाद आजही प्रमाण मानला जातो. शिवाय तो राजपुत्राचा शिक्षक होता, आणि तो राजपुत्र म्हणजेच विद्यापीठाच्या हुकुमावर सही करणारा दुसरा अलेक्झांडर. गुरूची पुस्तके शिष्याच्या विद्यापीठात पोहोचली. दोघांपैकी कोणीही त्या नगरातल्या वाचनालयात बसून ती वाचली नाहीत.

सुमारे शंभर वर्षे हा संग्रह कपाटांत होता. साहित्याची शाखाच नसलेल्या विद्यापीठात त्याचा दुसरा काही उपयोग होणे कठीण होते. १९७० च्या दशकात फाइना कानुनोवा यांच्या नेतृत्वाखाली तोम्स्कच्या अभ्यासकांनी ही पुस्तके पानोपान तपासायला घेतली. साडेचार हजारांहून अधिक खंडांच्या या संग्रहात रूसो, हेर्डर, शिलर, काँदिलाक यांच्या ग्रंथांवर कवीने केलेल्या खुणा, अधोरेखने, समासातील प्रश्न, मतभेद आणि काही ठिकाणी अनुवादाचे कच्चे मसुदेही होते. या कामातून 'झुकोव्स्कीचा तोम्स्क येथील ग्रंथसंग्रह' हा त्रिखंडात्मक अभ्यास १९७८ ते १९८८ या काळात प्रसिद्ध झाला, आणि पुढे १९९९ पासून कवीच्या समग्र साहित्याची नवी आवृत्ती तोम्स्कच्याच संपादकांनी हाती घेतली.

या प्रकल्पाचे सैद्धान्तिक महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही. पश्चिम जर्मनीत याउस आणि ईझर वाचकाच्या सहभागाचा सिद्धान्त मांडत होते त्याच दशकात, वेगळ्या वाटेने आणि सिद्धान्ताचा फारसा गाजावाजा न करता, तोम्स्कमध्ये एका प्रत्यक्ष वाचकाचा प्रत्यक्ष पुराव्यानिशी अभ्यास चालू होता. ईझरचा अंतर्निहित वाचक ही संहितेत दडलेली रचना आहे. तोम्स्कचा वाचक पेन्सिल घेऊन बसलेला आहे. तो रूसोशी वाद घालतो, एखादे वाक्य दोनदा अधोरेखित करतो, मध्येच वाचणे सोडून देतो. सिद्धान्तातल्या वाचकाला थकवा येत नाही. समासातल्या वाचकाला येतो. अनुवादक हा मुळात असा लिहिता वाचक असतो, हे झुकोव्स्कीच्या बाबतीत अक्षरशः दिसते : समासातली टीप वाढत जाऊन ओळ होते, ओळीचे कडवे होते. रशियन स्वच्छंदतावादाची घडण स्वतंत्र प्रतिभा आणि परकीय प्रभाव अशा दोन खणांत विभागणाऱ्या जुन्या साहित्येतिहासाला या पुराव्याने मोठाच धक्का दिला.

एक मर्यादा मात्र सांगावी लागते. या संशोधनाच्या केंद्रस्थानी झुकोव्स्की आहे, तोम्स्क नव्हे. राजधानीच्या कवीची अक्षरे वाचण्यात परिघाच्या अभ्यासकांनी आयुष्ये घातली, आणि ती फलद्रूपही झाली. पण शंभर वर्षे न वाचल्या गेलेल्या संग्रहाचा, म्हणजे त्या मौनाचा, अर्थ त्यांच्या प्रश्नपत्रिकेत नव्हता. तो प्रश्न सोविएत काळात विचारण्यासारखा नव्हता हेही तितकेच खरे.

५

१९३० च्या दशकात तोम्स्कला पुन्हा माणसे पाठवली जाऊ लागली. झारकाळातील हद्दपारीशी या हद्दपारीची तुलना करण्याचा मोह होतो, आणि तो टाळला पाहिजे. डिसेंबरच्या उठावातील बातेन्कोव वीस वर्षांच्या एकान्तवासानंतर १८४६ मध्ये येथे आला आणि दहा वर्षे राहून सुटला. बाकुनिन १८५७ मध्ये आला, येथे त्याने लग्न केले, आणि पुढे जपान-अमेरिकेमार्गे पळून गेला. सोविएत हद्दपारांना तोम्स्कमधून पुढची वाट सहसा नव्हती. नाटककार निकोलाय एर्दमान हा अपवाद. काही काळ येथील नाट्यगृहात काम करून तो जिवंत परतला.

कवी निकोलाय क्ल्यूयेव १९३४ मध्ये आधी उत्तरेकडील कोल्पाशेवो येथे आणि मग तोम्स्कला आणला गेला. उत्तर रशियातील शेतकरी समाजाच्या धार्मिक गाण्यांची, लाकडी देवळांची आणि नष्ट होत चाललेल्या खेड्यांची कविता लिहिणाऱ्या या कवीला ऑक्टोबर १९३७ मध्ये, बनावट कटाच्या आरोपावरून, गोळ्या घालण्यात आल्या. पन्नास वर्षे त्याच्या मृत्यूची एक वेगळीच कथा प्रचलित होती : सुटका होऊन मॉस्कोकडे परतताना तैगा स्थानकावर तो हृदयविकाराने कोसळला आणि हस्तलिखितांनी भरलेली त्याची पेटी नाहीशी झाली. मुख्य लोहमार्ग जेथून नगराला बगल देऊन जातो त्याच स्थानकावर लोककल्पनेने कवीचा मृत्यू नेऊन ठेवला. त्याला निदान मुख्य मार्गापर्यंत पोहोचू द्यावे, एवढी करुणा त्या कथेत आहे. कागदपत्रे खुली झाल्यावर ती खोटी ठरली. कवी तोम्स्कमधून बाहेर पडलाच नव्हता.

साहित्यशास्त्राच्या दृष्टीने अधिक मोठी घटना आहे गुस्ताव श्पेत यांची. १८७९ मध्ये जन्मलेले श्पेत हुसेर्लचे शिष्य. १९१४ च्या 'आभास आणि अर्थ' या ग्रंथाने त्यांनी फेनॉमेनॉलॉजी रशियात आणली. 'सौंदर्यशास्त्रीय लेखखंड' (१९२२–२३) आणि 'शब्दाचे अंतर्गत रूप' (१९२७) हे त्यांचे ग्रंथ मॉस्कोच्या भाषाशास्त्रीय वर्तुळातील तरुणांसाठी महत्त्वाचे ठरले. रोमान याकोब्सनवरील त्यांचा प्रभाव सर्वज्ञात आहे. रूपवादाचा इतिहास सांगताना श्क्लोव्स्की आणि याकोब्सन यांच्यापाशी थांबण्याची सवय असलेल्या अभ्यासकाला श्पेत यांचे नाव क्वचितच भेटते, ही आपल्याकडील पाठ्यपुस्तकांची उणीव म्हणावी लागेल. शब्दाचे अंतर्गत रूप ही हुम्बोल्टची संकल्पना श्पेत यांनी नव्याने घडवली. अंतर्गत रूप म्हणजे शब्दात दडलेले एखादे चित्र किंवा व्युत्पत्तीचा अवशेष नव्हे. बाह्य ध्वनिरूप आणि अभिप्रेत अर्थ यांच्यामध्ये कार्यरत असलेला घडणीचा नियम म्हणजे अंतर्गत रूप. अर्थ त्यामुळे साठवलेला नसतो, प्रत्येक वेळी घडवला जातो, आणि तो घडतो समाजात, संवादात.

मार्च १९३५ मध्ये श्पेत यांना अटक झाली. आधी येनिसेइस्क, आणि त्या वर्षाच्या अखेरीस तोम्स्क. विद्यापीठाच्या या नगरात त्यांनी हेगेलच्या 'फेनॉमेनॉलॉजी'चा रशियन अनुवाद केला. १६ नोव्हेंबर १९३७ रोजी त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. अनुवाद १९५९ मध्ये छापला गेला. जुन्या कोशांत त्यांचे मृत्युवर्ष १९४० असे आढळते. ते खोटे वर्ष शासनानेच पुरवलेले होते.

या घटनेकडे हौतात्म्याची कथा म्हणून पाहिल्यास तिच्यातील सैद्धान्तिक पेच हरवतो. श्पेत यांनी स्वतःचे लिहिणे थांबवून दुसऱ्याचे भाषांतर केले, ते उघडच सक्तीने. हद्दपाराला स्वतःच्या नावाने तत्त्वज्ञान छापता येत नाही, पण मार्क्सचा पूर्वसुरी म्हणून मान्यता असलेल्या हेगेलचा अनुवाद करता येतो. परंतु ज्याच्या मते अर्थ प्रत्येक शब्दयोजनेत नव्याने घडतो, त्याच्यासाठी अनुवाद ही दुय्यम कृती असूच शकत नाही. हेगेलच्या जर्मन संज्ञांना रशियन शब्द देताना प्रत्येक ठिकाणी अंतर्गत रूपाचा निर्णय घ्यावा लागतो. त्यामुळे हा अनुवाद श्पेत यांचा शेवटचा सैद्धान्तिक ग्रंथ म्हणून वाचता येतो, केवळ त्यावर नाव दुसऱ्याचे आहे. झुकोव्स्कीच्या समासांनी भरलेली पुस्तके त्या वेळी त्याच नगरात, कपाटांत होती. एका अनुवादकाने परकीय संहितेच्या कडेला लिहिलेले न वाचलेले शब्द, आणि दुसऱ्या अनुवादकाचे परकीय संहितेतच लपवावे लागलेले शब्द, यांच्यात काही थोड्या रस्त्यांचे अंतर होते. १९९१ मध्ये तोम्स्कमध्ये श्पेत यांच्या नावाने पहिले चर्चासत्र भरले.

६

अलीकडील काळात तोम्स्कच्या अभ्यासकांनी 'सैबेरियाची संहिता' ही संकल्पना पुढे आणली आहे. तिचे मूळ व्लादिमिर तोपोरोव यांच्या 'पीटर्सबर्गची संहिता' या चिन्हमीमांसक मांडणीत आहे. पुश्किन, गोगोल, दस्तयेवस्की यांच्या कृतींतून एक नगर स्वतःच एक संहिता कसे बनते, हे तोपोरोव यांनी दाखवले. सैबेरियाला हा साचा लावताना एक अडचण येते, आणि तिची वाच्यता कमी होते. सैबेरियाच्या संहितेत सर्वमान्य श्रेष्ठ कृती थोड्या आहेत. तिच्यात मुख्यत्वे पत्रे, प्रवासवर्णने, अर्ज, जबान्या, आठवणी आणि वर्तमानपत्री लेख येतात. तेव्हा संकल्पना विस्तारते असे म्हणणे पुरेसे नाही, ती बदलते. ही संहिता नसून संहितांवरील टिपांचा संग्रह आहे, आणि तो तसा वाचायची पद्धत तोपोरोव यांच्याकडून मिळत नाही.

दुसरी अडचण भाषेची. तोम्स्कमध्ये तातारांची जुनी वसाहत आहे, तिच्यात दोन मशिदी आहेत. प्रांताच्या उत्तरेस सेल्कुप आणि खांती लोकांच्या भाषा आहेत. 'सैबेरियाची संहिता' रशियन भाषेतच पुरी होते, असे मानले तर तोयानच्या अर्जाची गत पुन्हा होते. या बाबतीत साहित्याच्या अभ्यासकांपेक्षा एका भाषाशास्त्रज्ञाचे काम पुढे गेले. आंद्रेय दुल्झोन (१९००–१९७३) हे व्होल्गाकाठचे जर्मन. १९४१ मध्ये व्होल्गाकाठच्या सर्व जर्मनांना पूर्वेकडे हद्दपार केले गेले, तेव्हा ते तोम्स्कला आले आणि अध्यापक-महाविद्यालयात शिकवू लागले. मोजक्याच लोकांच्या तोंडी उरलेल्या केत भाषेचे त्यांनी व्याकरण लिहिले. नद्यांच्या रशियन नकाशावरील नावांच्या शेवटी उरलेल्या प्रत्ययांवरून, ज्या प्रदेशात आता ती भाषा कोणी बोलत नाही तेथे एकेकाळी तिच्याशी नाते सांगणाऱ्या भाषा बोलल्या जात, हे दाखवले. १९७१ मध्ये त्यांना राज्य पारितोषिक मिळाले. स्वतःच्या भाषेसह उखडला गेलेला माणूस दुसऱ्या मावळत्या भाषेचे अवशेष नकाशावरून वाचतो, यात नियतीचा काही संकेत शोधण्याची गरज नाही. त्या नगरात तशा माणसांची कमतरता नव्हती.

तोम्स्कच्या समासातून मुख्य मजकुरात गेलेली अगदी अलीकडची गोष्ट साहित्याची नाही, पण तिचा उल्लेख केल्याशिवाय हे विवेचन पुरे होत नाही. ९ मे २०१२ रोजी, महायुद्धातील विजयाच्या दिवशी, तोम्स्कमधील काही पत्रकारांनी एक संचलन योजले. रणगाडे नाहीत, पक्षांची चिन्हे नाहीत, घोषणा नाहीत. प्रत्येकाने आपल्या घरातील, युद्धात लढलेल्या माणसाचे छायाचित्र हाती धरून चालायचे. नाव ठेवले 'अमर पलटण'. पत्रकार तेथील 'टीव्ही-२' या स्वतंत्र दूरचित्रवाणी केंद्राशी संबंधित होते. काही हजार लोक चालले. कल्पनेमागचा विचार वाङ्मयीन म्हणावा असा होता : शासकीय विजयगाथेच्या एकमेव कथनाशेजारी लाखो लहान, खाजगी, परस्परविसंगत कथने ठेवायची. ती झपाट्याने रशियाभर पसरली. ९ मे २०१५ रोजी मॉस्कोतील संचलनात राष्ट्राध्यक्ष आपल्या वडिलांचे छायाचित्र घेऊन अग्रभागी चालले, आणि त्यानंतर तो उपक्रम शासकीय समारंभाचा भाग झाला. तोम्स्कच्या मूळ संयोजकांनी आखलेले नियम मागे पडले. 'टीव्ही-२'चे हवाई प्रक्षेपण त्याच वर्षाच्या आरंभी बंद पाडले गेले होते.